आधी घडी जमव, जीन नंतर

सांगलीत बसून डीएनए ओरिगामी, म्हणजे डीएनएच्या धाग्याला घड्या घालून हवा तो आकार करणं, करायचंय म्हणतेस, तर जरूर कर. पण पहिल्याच दिवशी जीन पेशीत पोचवायच्या गप्पा नकोत गं. आधी घडी जमव. पॉल रोथेमुंड यांनी 2006 साली दाखवलेली रीतच धर: एम13 विषाणूचा सात हजारांवर बेसांचा (डीएनएच्या अक्षरांचा) एकेरी धागा, आणि त्याला जागोजागी आवळून धरणारे दोनशेक आखूड तुकडे. पत्रावळीला चोया टोचतात ना, तसंच.

खरी गोम मॅग्नेशियमची. डीएनएवर ऋणभार, त्यामुळे शेजारशेजारचे धागे एकमेकांना ढकलतात. 10 ते 20 मिलिमोलर मॅग्नेशियम असलं की गप बसतात. घडी जमली का ते जेलमधून डीएनए पळवून बघतात, त्या जेलच्या बफरमध्येही (द्रावणातही) ते घालायचं! मी एकदा विसरलो. आठवडाभर खपलो आणि जेलवर नीट पट्टीच्या जागी नुसता फराटा.

पुढे जीन पोचवायची म्हटलं, तर रक्तात मॅग्नेशियम जेमतेम एक मिलिमोलर, वर डीएनए कातरणारे न्यूक्लिएज टपलेले. म्हणून घडीवर ऑलिगोलायसिन-पेगचं (धनभारी आखूड साखळी आणि तिला जोडलेलं पॉलिमर) आवरण चढवतात. पेशीनं गिळल्यावर एंडोसोममध्ये, म्हणजे पेशीतल्या पिशवीत, सगळं अडकतं, ते दुखणं निराळंच.

आणि पीसीआर यंत्राला (नळ्यांचं तापमान ठरल्याप्रमाणे बदलणाऱ्या) यूपीएस जोड. घडी बसायला मिश्रण 95 अंशांवरून हळूहळू थंड करणं कधी रात्रभर चालतं, आणि आपल्याकडची वीज तुला माहीतच आहे.