जुन्या डिझेल व्हॅनचं पिकअप गेलंय, ॲव्हरेज पडलंय. पंप-नोझल करून घेऊ की गाडी विकू?

पंप-नोझल (डिझेल दाबाने पाठवणारा पंप आणि ते इंजिनात फवारणारी तोंडं) करून घेऊ नका, निदान आत्ता तरी. आधी हवा तपासा, मग डिझेल, मग चाकं मोकळी फिरतात का ते बघा. हे तिन्ही ठीक निघालं तरच पंपाला पाना लावू द्या.

तुम्ही लिहिलंय की गाडी जुनी आहे, अडीच लिटरचं टर्बो इंजिन (टर्बो म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा), रोटरी पंप. जो चढ तिसऱ्यात निघायचा तो आता दुसऱ्यात निघतो, ॲव्हरेज १२ वरून ८.५ वर आलंय, सकाळी सेल्फ मारल्याबरोबर चालू होते. फिटर म्हणतो पंप-नोझल उतरवू, त्याने नाही जमलं तर इंजिन काम. यात फिटरने मोजलेलं काय आहे? काहीच नाही. उलट सकाळी पहिल्या झटक्यात चालू होते, ही तुम्ही जाता जाता लिहिलेली गोष्ट सगळ्यात मोलाची आहे. डिझेल इंजिन थंड असताना अर्ध्या फिरकीत पेटतंय याचा अर्थ कॉम्प्रेशन, म्हणजे पिस्टनने हवा दाबण्याचा जोर, जागेवर आहे. पिस्टनच्या रिंगा संपलेलं इंजिन सकाळी छळल्याशिवाय राहत नाही.

धुराबद्दल मात्र तुम्ही एक अक्षर लिहिलेलं नाही. चढावर पॅडल पूर्ण दाबून धरा आणि आरशात बघा. काळा लोट आणि ताकद नाही, तर डिझेल पोचतंय पण हवा कमी पडतेय. धूरच नाही आणि ताकदही नाही, तर डिझेलच कमी पोचतंय. या एका फरकावर निम्मं काम होतं, आणि इंजिन काम सांगणाऱ्या कितीतरी लोकांनी ते केलेलंच नसतं.

हे इतक्या जोरात लिहितोय कारण आमच्या घरात यावरून फाटलं आहे.

मी आणि थोरला भाऊ मिळून एक व्हॅन चालवायचो, फर्निचर पोचवायला. काही आठवड्यांतच तिची ताकद गेली. रिकामी ठीक, भरली की चढावर दम तोडायची आणि मागे काळाकुट्ट धूर. ॲव्हरेज घसरत चाललेलं. दादाचं ठरलेलं मत: "यंत्राला वय असतं, माणूस थकतो तसं इंजिन थकतं." त्याच्या नेहमीच्या फिटरने पंप उतरवला आणि कॅलिब्रेशनला दिला. मी तिथे जाऊन टेस्ट बेंचची (पंप चालवून मोजायच्या यंत्राची) चिठ्ठी मागून घेतली. पंपाला हात लावण्याआधीचे आकडे होते ते, आणि सगळे मर्यादेत. नोझलचा दाब आणि फवाराही ठीक. म्हणजे पंप-नोझल निर्दोष आहेत हे कागदावर आलेलं होतं. तरी सील बदलले, पंप परत चढवला, गाडी होती तशीच.

मग फिटरने जे केलं त्याचा मला आजही राग येतो. त्याने पंपाचा फुल लोडचा स्क्रू आत घेतला, म्हणजे डिझेल वाढवलं. आधीच हवा कमी पडत असलेल्या इंजिनात आणखी डिझेल. एक लिटर डिझेल पुरतं जळायला हिशेबाने जवळपास १०,००० लिटर हवा लागते, आणि डिझेल इंजिनाला धूर न करता चालायचं तर त्याहूनही जास्त. हवा तेवढीच ठेवून डिझेल वाढवलं तर ते काळं होऊन सायलेन्सरमधून बाहेर जातं. ॲव्हरेज आणखी पडलं. मग इंटरकूलरचा (टर्बोची तापलेली हवा थंड करणाऱ्या जाळीचा) पाइप उघडला तर आत ऑइल, म्हणून "टर्बो पण गेला" असं जाहीर झालं. दादा टर्बो आणि इंजिन काम दोन्हीला तयार झाला.

मी टर्बोची शाफ्ट हाताने हलवून बघितली. बाजूला नेहमीचा किंचित खेळ, पुढे-मागे काही नाही, पंखा कुठे घासलेला नाही. असा टर्बो ऑइल का फेकेल? एक सरळ कारण असतं: टर्बोच्या तोंडाशी हवेची वाट अडली की तिथे ओढ वाढते आणि सीलमधून ऑइल खेचलं जातं. फिल्टर नवा होता. फिल्टरपासून टर्बोपर्यंतचा जाड रबरी पाइप बाहेरून धडधाकट दिसत होता, न्यूट्रलमध्ये कितीही रेस केली तरी दबत नव्हता. फिटर तेवढंच बघून थांबला होता. पण न्यूट्रलमध्ये इंजिनावर लोड नसतो, टर्बो जेमतेम दाब देतो आणि हवाही कमी ओढली जाते. ३,००० आरपीएमला अडीच लिटरचं इंजिन टर्बोशिवायच मिनिटाला ३,७५० लिटरच्या आसपास हवा मागतं, आणि लोडवर टर्बोचा दाब आला की मागणी दीडपटीवर जाते. दोष तेव्हा दिसतो, उभ्या गाडीत नाही.

म्हणून मी पारदर्शक नळी घेतली, फळीवर यू आकारात बांधली, प्रत्येक बाजू मीटरभर उंच, आत थोडं रंगीत पाणी. टर्बोच्या अगदी तोंडाशी पाइपात बारीक निप्पल बसवला, तिथून नळी केबिनमध्ये आणली, दुसरं टोक मोकळं. भरलेली गाडी, तोच चढ, दादा चालवायला, मी फळी धरून. दोन बाजूंच्या पाण्याच्या पातळीतला फरक म्हणजे फिल्टर आणि पाइप मिळून हवेला किती अडवतात त्याचं माप. पुष्कळ टर्बो डिझेल इंजिनांना ही मर्यादा ५०० ते ६०० मिलिमीटर दिलेली असते आणि फिल्टर चांगला असेल तर फरक त्याच्या बराच खाली राहतो. आमचं पाणी आधी वीतभर चढलं, तिथे थांबलं, आणि दादाने पॅडल पूर्ण दाबल्यावर एकदम उसळून नळीबाहेर ओढलं गेलं. मग निप्पल फिल्टरच्या डब्याला लागूनच, पाइपाच्या अलीकडे बसवून पुन्हा तोच चढ घेतला. पाणी जेमतेम हललं. म्हणजे डबा, फिल्टर ठीक, अडथळा पाइपातच.

पाइप उतरवून उभा चिरला. आतला रबराचा थर सुटला होता, तळहाताएवढा पापुद्रा नुसता लोंबत होता. जोराची ओढ आली की तो आडवा होऊन अर्धीअधिक वाट बंद करायचा, ओढ कमी झाली की परत भिंतीला चिकटायचा. बाहेरून कितीही दाबून बघा, कळणार नाही. पाइप बदलला, स्क्रू पुन्हा बेंचच्या आकड्यावर आणून घेतला, आणि गाडी तिसऱ्यात चढली.

दादा आजही म्हणतो की पंप केला म्हणूनच गाडी सुधारली, फरक जरा उशिराने जाणवला एवढंच. चिठ्ठी मी जपून ठेवली आहे. त्यानंतर आम्ही गाड्या वेगळ्या केल्या. माझं म्हणणं तेव्हाही हेच होतं: वयाने गेलेली ताकद हळूहळू जाते आणि जाताना खुणा सोडते. सकाळी सेल्फ खाते, ऑइल पिते, ऑइलचं झाकण उघडलं की फुसफुस वाफ येते, धूर निळसर होतो. काही आठवड्यांत गेलेल्या ताकदीला वय कारणीभूत नसतं, काहीतरी फाटलेलं, अडकलेलं किंवा तुंबलेलं असतं. ते सापडत नाही म्हणून वयाचं नाव घ्यायचं, याला मी निदान म्हणत नाही.

आता तुमच्या गाडीकडे. काळा धूर असेल तर फिल्टर, वर सांगितलेला पाइप, टर्बोपासून इंटरकूलर आणि मॅनिफोल्डपर्यंतचे (सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या पाइपापर्यंतचे) होज (फाटलेले होज बहुतेक खालच्या बाजूला, क्लिपपाशी सापडतात, तिथे ऑइलकट धूळ बसलेली असते), मग टर्बोचं वेस्टगेट (टर्बोचा दाब आवरणारी झडप), आणि ईजीआर (धुराचा काही भाग परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह) असेल तर काजळीने उघडा अडकलाय का ते. सायलेन्सर आतून ढासळला असेल तरी हेच होतं. पुढचा जॉइंट सैल करून फरक पडतो का बघा. आवाज होईल, पण उत्तर लगेच मिळतं.

धूर नसेल तर पहिली शंका डिझेल फिल्टर आणि टाकीतली जाळी. कॅनवर चालवून बघा: स्वच्छ डिझेलचा कॅन पंपापेक्षा उंच, इंजिनाच्या गरम भागांपासून लांब घट्ट बांधायचा, पंपाची ओढ आणि रिटर्न दोन्ही त्यात सोडायच्या. याने गाडी सुधारली तर दोष टाकी, लाइन किंवा फिल्टरमध्ये, पंपात नाही. पंपाच्या आधी पारदर्शक नळीचा तुकडा घातला तर बुडबुडेही दिसतात, म्हणजे लाइन कुठेतरी हवा खेचतेय. आणि टर्बो गाडीच्या रोटरी पंपावर एक चपटी डबी असते, आत रबरी पडदा, मॅनिफोल्डवरून एक बारीक नळी तिथे येते. टर्बोचा दाब आला की पडदा खाली जातो आणि पंप डिझेल वाढवतो. ती नळी चिरली किंवा पडदा फाटला तर पंपाला दाब आल्याचं कळतच नाही. गाडी धूर न करता मरगळून चालते आणि पंप बिनदोष असूनही बदनाम होतो. हे तपासायला पंप उतरवावा लागत नाही. ॲक्सिलरेटरची केबल पंपाचा लिव्हर शेवटपर्यंत नेते का, तेही एकाने पॅडल दाबून, दुसऱ्याने बॉनेटखाली बघून घ्या.

१२ वरून ८.५ म्हणजे जवळपास तीस टक्के घसरण. एवढी असेल तर ब्रेक बघितल्याशिवाय राहू नका. सपाट रस्त्यावर ब्रेक जवळजवळ न लावता काही किलोमीटर चालवा, गाडी आपोआप थांबू द्या, आणि हाताची मागची बाजू चारही चाकांच्या रिमजवळ न्या. एक चाक इतरांपेक्षा गरम, तर तिथला ब्रेक धरून बसलाय. मागच्या ड्रममध्ये हँडब्रेकची केबल अडकणं हे जुन्या व्हॅनचं नेहमीचं दुखणं आहे. यानेही चढावर ताकद कमी वाटते, म्हणजे एकाच दोषात तुमच्या दोन्ही तक्रारी बसतात. थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत रेडिएटरकडे जाणारं पाणी अडवणारा व्हॉल्व्ह) उघडा राहिला असेल तर इंजिन तापतच नाही आणि डिझेल जास्त जातं. अर्ध्या तासाने काटा कुठे येतो ते बघा. मध्यंतरी मोठे टायर घातले असतील तर किलोमीटरच कमी मोजले जातात. घेर पाच टक्के मोठा, तर ॲव्हरेजही तेवढंच खोटं पडलेलं दिसणार. आणि वेग. ताशी ८० ऐवजी १०० ने चालवलं तर वाऱ्याचा विरोध ५६ टक्क्यांनी वाढतो, व्हॅनच्या चौकोनी तोंडाला तर तो चांगलाच जाणवतो.

तुम्ही रोटरी पंप लिहिलंय, पण गाडी कॉमन रेल (सगळ्या इंजेक्टरना एकाच दाबाच्या नळीतून डिझेल, कंप्युटरच्या ताब्यात) निघाली तर पंपाबद्दलचं वरचं बरंच गैरलागू आहे. तिथे स्कॅनरवर रेलचा मागितलेला दाब आणि मिळणारा दाब लोडवर शेजारी शेजारी बघायचे, आणि इंजेक्टरची रिटर्न टेस्ट करायची, म्हणजे प्रत्येकातून परत जाणारं डिझेल मोजायचं. स्कॅनरवर दोषाचा कोड नाही म्हणजे दोष नाही, असं समजू नका. फाटलेला होज पुष्कळदा कोड देत नाही. टायमिंग (डिझेल फवारण्याची नेमकी वेळ) मागे सरकलेलं असेल, बेल्ट एका दात्याने चुकला असेल किंवा चेन लांबली असेल, तर तेही ताकद आणि ॲव्हरेज दोन्ही खातं. पण त्यासोबत सकाळी पांढरा धूर आणि उशिरा पेटणं सहसा येतं, आणि तुमची तर लगेच चालू होते. नोझल खरंच खराब होतात, पंपही झिजतात, हे मला मान्य आहे. तसं असेल तर बेंचवर दिसेल, पण चिठ्ठी हात लावण्याआधीची मागा. नंतरची सगळ्यांची चांगलीच असते.

विकायचं तुमचं तुम्ही ठरवा, चेसिस किती गंजलीय यावर ते जास्त अवलंबून आहे. पण 'इंजिन काम आलंय' असं सांगून मिळेल त्या भावात देऊ नका. कॉम्प्रेशन गेज लावून चारही सिलिंडरचे आकडे घ्या. ते एकमेकांजवळ असतील तर त्या इंजिनाला काम आलेलं नाही, आणि तो कागद घेणाऱ्यालाही दाखवता येईल.