मुंगीसारख्या कोळ्याला एवढे लांब जबडे कशाला?

तुमचा प्रश्न असा: आरेतल्या आंब्याच्या झाडावर तांबड्या मुंगीसारखा कोळी दिसला, तोंडापुढे जवळजवळ अंगाएवढं लांब काहीतरी होतं, ते काय आणि कशासाठी?

ते त्याचे जबडे. आणि तुम्हाला दिसला तो नर, हे फोटो न बघताच सांगतो. मादीला असे जबडे नसतात.

मी मालाडला राहतो, आरेत अधूनमधून भिंग घेऊन जातो. आंब्यावर पानं शिवून घरटी करणाऱ्या त्या मुंग्यांना आमच्या गावी ओंबील म्हणतात. एकदा त्यांच्या रांगेपासून वीतभर लांब एक 'मुंगी' एकटीच फिरत होती, पुढचे दोन पाय मिशांसारखे हलवत. पानाला बोट लावलं तर तिने खाली उडी घेतली आणि हवेतच लोंबकळली. मुंगी कधी धाग्याला लोंबकळते का? तिथे सोंग उघडं पडलं. हे सोंग असतं ओंबिलांच्या वाटेला न जाणाऱ्या शिकाऱ्यांसाठी. खुद्द ओंबिलांपासून तो लांबच राहतो.

आता जबडे. नर एकमेकांसमोर आले की जबडे फाकवून रेटारेटी करतात आणि त्यात लांब जबडेवाला बहुधा सरस ठरतो. शेवटची कात टाकेपर्यंत नरालाही ते नसतात, म्हणजे हा सगळा खटाटोप वयात आल्यावर, मादीसाठी. पण त्याची किंमत जबर आहे. या गटातल्या ज्या नरांचे सुळे तपासले गेले, त्यांत विषाची नळीच नव्हती. ते भक्ष्य नुसतं भोसकतात. शिवाय असे जबडे मिरवत मुंगीचं सोंग वठवायचं कसं? इथे गंमत आहे. जबड्यांच्या टोकाला गडद ठिपके असतात, त्यामुळे लांबून बघणाऱ्याला वाटतं की एक मुंगी दुसरीला तोंडात धरून चाललीय. सोंग टिकलं, पण मुंग्याच खाणारे काही कोळी नेमकी ओझं वाहणारी मुंगी निवडतात, कारण तिचं तोंड अडकलेलं असतं!

कोळ्याचा एखादा अवयव अवाढव्य दिसला की मी आधी मादी बघतो. फक्त नराला असेल तर कारण बहुतेक लग्नाचं. दोघांना असेल तर पोटाचं. बाथरूमच्या कोपऱ्यात जळमटं करणारा काडीसारख्या पायांचा कोळी घ्या. नर-मादी दोघांचेही पाय तसेच, कारण तो मागच्या पायांनी लांबूनच धागा फेकून भक्ष्य गुंडाळतो, म्हणजे डास काय किंवा दुसरा कोळी काय, चावायला अंगापर्यंत पोचत नाही. मादागास्करच्या पेलिकन कोळ्याचंही तसंच. उंच मान, लांब जबडा, आणि त्या जबड्याच्या टोकाला अंगापासून दूर धरलेला दुसरा कोळी. हा प्राणी आधी 1854 मध्ये बाल्टिक समुद्राकाठच्या अंबरातल्या, म्हणजे दगड झालेल्या झाडाच्या चिकातल्या, जीवाश्मावरून माहीत झाला, जिवंत सापडला 1881 मध्ये.

किमतीचं सगळ्यात टोकाचं उदाहरण अमेरिकेतल्या टिडॅरेन नावाच्या चिमुकल्या कोळ्याचं. नराच्या तोंडाजवळ वीर्य पोचवणारे दोन अवयव असतात आणि ते इतके मोठे, की तो त्यातला एक स्वतःच तोडून टाकतो. 2004 मध्ये छापून आलेल्या मोजणीत, तोडल्यावर त्याचा वेग 44 टक्के आणि दम 63 टक्के वाढलेला दिसला. मला तर हे वाचून लोकलच्या दारात बॅग फेकून आत घुसणारा माणूस आठवला.

पुन्हा आरेत गेलात तर ओंबिलांच्या रांगेच्या कडेला एकटी फिरणारी मुंगी शोधा आणि पाय मोजा. आठ भरले तर कोळी. फक्त फांदीवर हात टेकू नका. मी टेकला होता.