तीन पानं भिंत, एक ओळ गच्ची

*ताई, सप्रेम नमस्कार. आमचं घर सासऱ्यांनी बांधलेलं, ३१ वर्षांचं. खाली तीन खोल्या, वर दोन. पाऊस सुरू झाला की आमच्या झोपायच्या खोलीतल्या भिंतीला ओल येते, रंगाचे पोपडे निघतात, कपाटातल्या कपड्यांना कुबट वास लागतो. दोनदा रंग काढला, एकदा गच्चीवर वॉटरप्रूफिंग केलं, ओल आहे तिथेच. दाराच्या वरच्या कोपऱ्यातून तिरपी भेग गेली आहे. मागच्या पावसात दार लागेना म्हणून यजमानांनी रंधा मारून घेतला, आता बंद दाराच्या फटीतून पलीकडचा उजेड दिसतो. गच्चीची जाळी साफ करायला दरवर्षी मीच चढते. मी म्हणते, हे विकू आणि लहानशा नव्या फ्लॅटमध्ये जाऊ. यजमान म्हणतात, एकदाच काय ते नीट करून घेऊ. हे ‘एकदाच’ मी अकरा वर्षं ऐकतेय. सासूबाई ७८ वर्षांच्या, त्या काहीच बोलत नाहीत. मुलगी नोकरीनिमित्त लांब असते, ती म्हणते तुमचं तुम्ही ठरवा. माझं काही चुकतंय का?*
*– ओलीने हैराण*

तुमचं मूळ पत्र तीन पानांचं होतं, वर छापलंय ते त्याचं सार. ती तिन्ही पानं भिंतीनेच भरलेली आहेत. ओल कुठून कुठे सरकली, कुठल्या वर्षी कुठला रंग लावला, सगळं तपशिलात. आणि मधेच, जाता जाता लिहावं तशी ती एक ओळ: गच्चीची जाळी साफ करायला दरवर्षी मीच चढते. मी तिथे थांबले. पत्र मागे ठेवलं आणि पुन्हा वाचायला घेतलं तरी तिथेच थांबले.

तुमचं चुकत नाहीये. पण तुम्ही घराला कंटाळलात असंही मला वाटत नाही. घराची रखवाली एकटीने करून दमलात. ढग दिसले की तुमच्या पोटात गोळा येतो, बाकीच्यांना ओल दिसते ती पोपडे अंगावर पडल्यावर. हा थकवा फ्लॅटमध्ये गेल्याने जाईल अशा भरवशावर राहू नका. तिथे गच्ची नसेल, पण वरच्या मजल्यावरच्या न्हाणीघराचं पाणी तुमच्या छताला आलं, तर ते पहिल्यांदा कोणाला दिसेल, आणि वर जाऊन कोण सांगेल? उत्तर तुम्हालाही ठाऊक आहे.

म्हणून आधी भिंतीकडे जाऊ, मग विकायचं की ठेवायचं त्याकडे. उलट क्रमाने गेलात की भांडण होतं.

ओल म्हणजे एकच दुखणं नव्हे. जमिनीपासून गुडघ्या-मांडीपर्यंत आणि त्यावर पांढरा लोणा, तर पाणी घराच्या पायातून वर चढतंय. छताजवळ डाग असेल तर गच्ची किंवा तिचा कठडा. खिडकीखाली असेल तर बहुतेक खिडकीच्या चौकटीचा सांधा. बारा महिने सारखीच असेल तर भिंतीतला पाइप. रात्री सगळे नळ बंद करून पाण्याच्या मीटरचा आकडा लिहा, दोन तासांनी पुन्हा बघा. कोणी पाणी वापरलं नसताना काटा हलला असेल तर कुठेतरी गळतंय. आणि कपाटामागेच असेल, तर कदाचित बाहेरून पाणी येतच नाहीये. खोलीतल्या दमट हवेला कपाटामागे फिरायला जागा नसते, ती थंड भिंतीला लागते आणि तिथेच तिचं पाणी होतं. तसं असेल तर गच्चीवर कितीही थर द्या, कपड्यांचा वास जाणार नाही.

हे ओळखायची एक बिनखर्चाची युक्ती आहे. वीतभर चौकोनी प्लास्टिकचा तुकडा घ्या, ओलीच्या जागी चारही बाजूंनी चिकटपट्टीने हवाबंद लावा आणि दोन दिवस सोडून द्या. भिंतीकडच्या बाजूला थेंब आले तर पाणी भिंतीतून येतंय. खोलीकडच्या बाजूला आले तर हवेतून. तसं झालं, तर कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा, खिडकी रोज उघडा आणि पुढच्या रंगाचे पैसे वाचवा.

दोनदा रंग काढलात म्हणून तुम्हाला हसणार नाही, मीही तेच केलंय. पाहुणे यायचे होते म्हणून मी ओल्या भिंतीवर ऑइलपेंट लावून घेतला, म्हटलं पाणी दिसायलाच नको. महिन्याभरात त्याला तळहाताएवढे फोड आले. रंगारी म्हणाला रंग उत्तम आहे, आणि ते खरंच होतं. आत कोंडलेल्या पाण्याला वाट हवी होती, ती त्याने काढली. भिंत सुकल्याशिवाय रंग नाही, आणि पाणी थांबल्याशिवाय भिंत सुकत नाही. नव्या गिलाव्यालासुद्धा रंगाआधी महिनाभर द्यावा लागतो.

दाराचं म्हणाल, तर यजमानांची घाई झाली. लाकूड दमट हवेत फुगतं, कोरड्या हवेत आकसतं. पावसात फुगलेल्या दाराला रंधा मारला की हिवाळ्यात फट ठरलेली. आता एक पट्टी ठोकून घ्या आणि त्यावरून बोलणं बंद करा. अकरा वर्षांत त्या बिचाऱ्यांनी उत्साहाने केलेलं एकच काम तुम्ही मला लिहून कळवलंत, आणि तेही चुकलेलं.

भेग मात्र मी थट्टेवारी नेणार नाही. गिलाव्याला केसासारख्या भेगा पडतातच, त्यांनी झोप उडवून घेऊ नका. तुमची तिरपी आहे, दाराच्या कोपऱ्यातून निघालेली आहे. तिच्या दोन्ही टोकांशी पेन्सिलीने बारीक आडवी रेघ मारा, शेजारी तारीख लिहा, सगळ्यात रुंद जागी पट्टी धरून माप घ्या. दर महिन्याला तेच. टोक रेघेपलीकडे गेलं किंवा रुंदी वाढली, तर भेग जिवंत आहे. ती भिंतीच्या पलीकडच्या बाजूलाही दिसत असेल, किंवा पाच मिलिमीटरच्या पुढे असेल, तर महिने मोजत बसू नका. तसंच छताला सळईच्या रेषेत तांबूस डाग दिसले किंवा सिमेंटचे तुकडे खाली पडायला लागले, तर आजच माणूस बोलवा. गंजलेली सळई मूळच्या लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा मागते आणि आतून काँक्रीट फोडते. वरून पुट्टी भरल्याने ती गंजायची थांबत नाही.

माणूस म्हणजे कोण? कंत्राटदार नव्हे. तो वाईट असतो असं नाही, पण ज्याच्या हातात थापी असते त्याला सगळीकडे गिलावाच दिसतो. स्ट्रक्चरल इंजिनिअरला, म्हणजे इमारतीच्या सांगाड्याची ताकद तपासणाऱ्याला, नुसत्या मताचे पैसे द्या, काम त्याला द्यायचं नाही हे आधीच सांगा. त्याला एकच विचारा: हे घर नीट केलं तर किती वर्षं निर्धास्त राहता येईल? ‘दुरुस्त होईल का’ हा प्रश्न निरुपयोगी आहे, दुरुस्त सगळंच होतं.

त्याचं उत्तर आलं की यजमानांसमोर बसा. पण बसण्यापूर्वी सासूबाईंना विचारा. कुठे राहायचं, हे नका विचारू. त्यावर त्या ‘तुम्ही ठेवाल तिथे’ म्हणतील आणि विषय मिटेल. या घरात तुम्हाला काय जड जातं, हे विचारा. तुम्ही पत्राच्या दुसऱ्या पानावर लिहिलंय की जिन्याची तिसरी पायरी बाकीच्यांपेक्षा जरा उंच आहे आणि घरातल्या सगळ्यांच्या पायांना ती पाठ झालीय. पायांना पाठ आहे, तोवर ठीक. ७८ व्या वर्षी एका रात्री पाय विसरतात. ती पायरी, न्हाणीघरातला उंबरा, अंधारात न सापडणारं बटण, यांची दुरुस्ती घर विकायचं ठरलं तरी थांबवू नका. विक्रीला वर्ष लागू शकतं, पडायला क्षण पुरतो.

आता तुम्ही दोघं. दुरुस्तीने स्वयंपाकघर बदलतं, वायरिंग बदलतं, नळ, फरशा, न्हाणीघर सगळं बदलतं. उजेड कुठून येतो, शेजार कसा आहे, रस्ता किती लांब आहे आणि पायऱ्या किती, हे बदलत नाही. तुमची तक्रार यातल्या दुसऱ्या वाटणीतली असेल, तर दुरुस्तीत पैसा घालू नका, विकाच. पण तीन पानांत मला दुसऱ्या वाटणीतलं फारसं सापडलं नाही. शेजारीण भली आहे, सकाळचं ऊन ओट्यावर येतं, हे तर तुम्हीच लिहिलंय, आणि तेही तक्रारीच्या पत्रात!

दुरुस्ती ठरली तर ती वरून खाली आणि बाहेरून आत: आधी गच्ची, तिचा उतार, बाहेरच्या भिंती, पाण्याचे पाइप, मग वायरिंग, मग गिलावा, फरशी, आणि रंग सर्वांत शेवटी. लोक रंगापासून सुरू करतात कारण तो दिसतो. अंदाजपत्रकाच्या वर पंधरा-वीस टक्के वेगळे काढून ठेवा. जुनी भिंत फोडली की आत काय निघेल ते बांधणाऱ्यालाही आठवत नसतं.

काम मोठं निघालं तर तीनेक महिने घर रिकामं करावंच लागेल. तेव्हा सोयीचं म्हणून शेजारच्या गल्लीत भाड्याने राहू नका. ज्या भागात, ज्या प्रकारच्या फ्लॅटमध्ये तुम्हाला जायचंय, तिथेच भाड्याने घ्या. लिफ्ट बंद पडलेली बघाल, वरच्यांच्या खुर्च्या सरकवण्याचे आवाज ऐकाल, सासूबाईंना खाली बसायला कोणी भेटतं का ते कळेल. यजमानांनाही कळेल की जाळी साफ न करता पाऊस कसा जातो. तीन महिन्यांनी दोघांपैकी एकाचं मत बदललेलं असेल. कोणाचं, ते मी सांगू शकत नाही.

आणि त्या जाळीचं. यंदा तुम्ही चढू नका. यजमानांना ‘जरा मदत करा’ असंही म्हणू नका, मदत म्हटलं की काम तुमचंच राहतं. गच्ची, पन्हाळी आणि घराबाहेरचं सगळं पाणी त्यांच्याकडे सोपवा: वर्षातून दोनदा, पावसाआधी आणि पाऊस सरल्यावर. पावसाआधी जाळीतला पालापाचोळा काढायचा, बादलीभर पाणी ओतून ते कुठे साचतं ते बघायचं, कठड्याच्या सांध्यांवरून हात फिरवायचा. अर्ध्या दिवसाचं काम आहे. ते विसरले तर आठवण करून देऊ नका. तुम्हाला हे भिंतीपेक्षा जड जाईल, मला कल्पना आहे. गच्चीवर तळं साचेल, साचू दे. ते बघायला त्यांनाच वर पाठवा.

प्लास्टिकचा तुकडा आजच लावा. भेगेशेजारी तारीख घालाल तेव्हा पेन्सिल त्यांच्या हातात द्या, आणि काय निघालं ते मला कळवा.

– तुमची ताई