वाचकांचे प्रश्न: मुलांसोबत ऑनलाइन कॉमिक करायचंय, पण कसं?

या महिन्यात बरीच पत्रं एकाच विषयावर आलीत, मुलांना घेऊन ऑनलाइन एकत्र कॉमिक करण्याबद्दल. सगळी घेता येत नाहीत, पण ज्यांत अडचण नेमकी लिहिलीये अशी निवडून उत्तरं देतेय.

आमच्या शाळेतली काही मुलं आणि मैत्रिणीच्या नागपूरच्या शाळेतली काही, सगळी सातवी-आठवीची, मिळून एक कॉमिक करायचंय. टॅब कोणाकडेच नाही, संध्याकाळी आई-बाबांचा फोन मिळतो तेवढाच. कुठला प्लॅटफॉर्म घेऊ? (शिक्षिका, सांगली जिल्हा)

ताई, सरळ गुगल स्लाइड्स घ्या. कॉमिकसाठीचं म्हणून ते बनवलेलं नाही, पण तुमच्या परिस्थितीत तेच चालेल, कारण सगळ्यांनी एका वेळी ऑनलाइन असायची गरज नाही, साध्या फोनवर उघडतं आणि कोणी चुकून काही उडवलं तर कॉम्प्युटरवरून व्हर्जन हिस्टरीत, म्हणजे फाइलच्या जुन्या आवृत्त्यांत, जाऊन परत आणता येतं. एक स्लाइड म्हणजे एक चौकट. पहिल्या स्लाइडवर पात्रांची चित्रं, म्हणजे समोरून, बाजूने, हसताना, चिडलेलं, दुसऱ्या स्लाइडवर पूर्ण गोष्ट लिहून आणि तिसरीपासून चौकटी, प्रत्येकीवर ती कोणाकडे आहे त्याचं नाव. मुलांनी चित्र कागदावरच काढायचं, पेन्सिलीवर काळं पेन फिरवायचं आणि दिवसाउजेडी खिडकीपाशी ड्राइव्ह ॲपमधल्या स्कॅनने फोटो घ्यायचा, साध्या कॅमेऱ्याने घेतला तर हाताची सावली पडते आणि कागद पिवळा दिसतो. पान किती मोठं ते तुम्ही कॉम्प्युटरवरून पेज सेटअपमध्ये आधीच ठरवून टाका, नाहीतर आडव्या स्लाइडवर उभी चित्रं येत राहतात.

मॅग्मासारख्या साइटवर एकाच कॅनव्हासवर अनेक जण एकदम काढू शकतात, बघायला फार मजा येते, पण त्याला चांगलं नेट आणि मोठी स्क्रीन पाहिजे. पिक्स्टन, स्टोरीबोर्ड दॅट यांच्यात तयार पात्रं मिळतात, तासाभरात कॉमिक उभं राहतं हे खरं, पण तुमच्या मुलांच्या गोष्टीत एसटी स्टँड असणार, ऊसतोडीला गेलेले आई-बाबा असणार, ते त्या तयार चित्रांत कुठून येणार? म्हणून माझं मत कागदालाच.

आमच्या ग्रुपमध्ये एकच मुलगी सुंदर चित्र काढते. बाकीचे म्हणतात तीच काढेल, आणि मग ते कॉमिक तिचं एकटीचंच होतं. काय करू? (वाचनालय कार्यकर्ता, रत्नागिरी)

हा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण एकत्र कॉमिक करण्याचा सगळा मुद्दाच इथे आहे. मुलांना आधी हे दाखवा की कॉमिक बहुतेक ठिकाणी एकट्याचं नसतंच. मोठ्या प्रकाशनांत लिहिणारा वेगळा, पेन्सिल करणारा वेगळा, शाई करणारा, रंग भरणारा आणि संवादाच्या फुग्यांतली अक्षरं टाकणारा असे सगळे वेगळे असतात. आपल्याकडचा चिंटू बघा, १९९१मध्ये सुरू झाला तो चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर या दोघांचा मिळून.

मग कामं वाटा, पण "तू लिही, तू रंगव" एवढ्यावर सोडू नका, कारण तसं केलं की गोष्ट परत एकाचीच होते आणि बाकीचे नुसते हाताखालचे. थंबनेल, म्हणजे छोट्या कच्च्या चौकटी, सगळ्यांनी काढायच्या, काडीमाणसांनी, प्रत्येकाने पूर्ण गोष्टीच्या. इथे चित्रकला लागतच नाही, लागतं ते हे ठरवणं की या क्षणी चेहरा जवळून दाखवायचा की अख्खं मैदान लांबून, आणि ज्याला हात काढता येत नाही त्याला हे सगळ्यात छान सुचलेलं मी कितीदा बघितलंय. सगळ्यांच्या थंबनेल शेजारी शेजारी ठेवून एकेक चौकट निवडायची.

दुसरं म्हणजे पात्रं अशी ठरवा की सगळ्यात कच्चा हात असलेल्यालाही ती काढता येतील. गोल डोकं, एक शेंडी, चट्ट्यापट्ट्यांचा शर्ट, बास. पात्र ओळखू येतं ते कपड्यावरून आणि केसांवरून, नाक-डोळ्यांच्या शेडिंगवरून नाही. तुमच्या त्या मुलीला सांगा की पात्रांचं पान तू कर आणि ते इतकं सोपं कर की बाकीच्यांना जमेल, तिलाही ते सोपं नाहीये, बऱ्यापैकी कस लागतो. मग चौकटी सगळ्यांना वाटा. पहिल्या चौकटीतला शर्ट आणि तिसऱ्यातला शर्ट थोडा वेगळा दिसेल, दिसू दे, वाचणाऱ्याला पट्टे दिसले की तो ओळखतो.

गोष्ट ठरवतानाच भांडणं होतात. आणि आम्ही मोठ्यांनी मध्ये किती बोलायचं? स्वच्छता, झाडे लावा असा विषय आम्ही दिला तर चालेल ना? (युवा मंडळ, नंदुरबार)

विषय देऊ नका, प्रश्न विचारा. गेल्या महिन्यात तुम्हाला कशाचा राग आला, कशाची भीती वाटते, घरी कोणी ऐकत नाही असं काय आहे. शरद शर्मांनी सुरू केलेली वर्ल्ड कॉमिक्स इंडिया ही संस्था कित्येक वर्षं गावोगावी लोकांकडून अशीच कॉमिक करून घेते, व्यावसायिक चित्रकारांकडून नाही, ज्यांचा प्रश्न आहे त्यांच्याकडूनच. त्यांचं वॉलपोस्टर कॉमिक मला सुरुवातीला फार योग्य वाटतं: दोन ए-फोर कागद जोडायचे, वर नाव, खाली चार चौकटी, सगळं काळंपांढरं म्हणजे झेरॉक्स काढून गावातल्या भिंतीवर, चहाच्या टपरीवर चिकटवता येतं. पहिल्या चौकटीत कोण आणि कुठे, दुसरीत अडचण, तिसरीत ती वाढते, चौथीत शेवट. चारच चौकटी असल्या की भांडण पण आटोपशीर राहतं, कारण "हे पण घालू" ला जागाच नसते.

भांडण झालंच तर मतदान नको, हरलेली मुलं मनातून निघून जातात. दोन्ही शेवट काढून बघा, चौथी चौकटच वेगळी काढायची आहे, अर्ध्या तासाचं काम. आणि बाहेरच्या कोणाला तरी, शेजारच्या वर्गातल्या मुलाला, न सांगता वाचायला द्या. त्याला काय कळलं ते विचारा.

मोठ्यांनी शुद्धलेखन तपासावं, कोणाची बदनामी होत नाही ना हे बघावं, आणि शेवट गोड करायला लावू नये. मुलांनी जर दाखवलं की तक्रार केली तरी काही झालं नाही, तर तसंच राहू द्या, त्यांना ते तसं दिसलंय.

आम्ही न्यू जर्सीत मराठी शाळा चालवतो. मुलं मराठी बोलतात पण टाइप करता येत नाही, आणि फुग्यात देवनागरी घातली की मात्रा कापल्या जातात. (पालक-शिक्षक)

टाइपिंगसाठी फोनवरच्या जीबोर्डवर, म्हणजे गुगलच्या कीबोर्डवर, मराठी निवडून व्हॉइस टायपिंग करा, मुलं संवाद बोलतील आणि अक्षरं येतील, चुका नंतर सगळ्यांनी मिळून दुरुस्त करायच्या. याचा एक फायदा असा की संवाद बोलल्यासारखे येतात, निबंधासारखे नाही. फॉन्ट म्हणाल तर कलम हाताने लिहिल्यासारखा दिसतो आणि बलू गुबगुबीत आहे, दोन्ही गुगल फॉन्ट्सवर फुकट आहेत. मात्रा कापल्या जातात कारण इंग्रजी कॉमिकमध्ये बहुधा सगळी कॅपिटल अक्षरं असतात आणि त्या हिशोबाने ओळी जवळ ठेवलेल्या असतात, आपल्याला वर वेलांटी-रफार आणि खाली उकार, म्हणून ओळींतलं अंतर दीडपट तरी करा. आणि आधी शब्द लिहा, मग त्याभोवती फुगा काढा. जो आधी बोलतो त्याचा फुगा डावीकडे वर. एका फुग्यात दोन वाक्यांपेक्षा जास्त नको.

मुलीने ग्रुपबरोबर केलेलं कॉमिक संस्थेतले लोक ऑनलाइन टाकायचं म्हणतात. तिचं नाव, फोटो द्यावा का? आणि ते कॉमिक मग कोणाचं? (आई, पुणे)

फोटो नको, शाळेचं नाव नको, नुसतं पहिलं नाव किंवा मुलीने स्वतः निवडलेलं टोपणनाव पुरतं. गुगलचं खातं आपल्याकडे १३ वर्षांनंतर स्वतःचं काढता येतं, त्याआधी पालकांनी फॅमिली लिंक या गुगलच्याच पालकांसाठीच्या ॲपवरून करून द्यायचं. आणि २०२३च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालची सगळीच मुलं धरलीत, त्यांचा डेटा घ्यायच्या आधी पालकांची संमती लागते असं तो कायदा म्हणतो. तेव्हा कुठला फॉर्म आला तर वाचूनच सही करा, आणि ग्रुपच्या फाइलची लिंक "ज्याच्याकडे लिंक आहे तो कोणीही" अशी ठेवू देऊ नका, ठरावीक ईमेललाच परवानगी द्यायला सांगा.

कॉमिक ज्यांनी केलं त्यांचं. कॉपीराइट मिळायला वयाची अट नाही. संस्थेने छापायचं असेल तर मुलांना आणि तुम्हाला विचारून, लेखी. प्रथम बुक्स या प्रकाशन संस्थेच्या स्टोरीवीव्हर या मुलांच्या गोष्टींच्या साइटवर टाकायचं ठरलं तर मुलीला आधी समजावून सांगा की तिथल्या गोष्टी खुल्या परवान्याखाली असतात, म्हणजे नाव देऊन कोणीही ती वापरू शकतं, भाषांतर करू शकतं, छापून विकूही शकतं. काही मुलांना हे फार आवडतं, आपली गोष्ट कन्नडमध्ये जाईल म्हणून, काहींना अजिबात नाही. ग्रुपमधल्या एकाचाही नकार असेल तर टाकू नये, वर्गात झेरॉक्स वाटाव्यात. आणि कुठेही छापा, शेवटच्या पानावर सगळ्यांची नावं कामासकट यायलाच हवीत, अक्षरं कोणी टाकली, स्कॅन कोणी केलं, तेसुद्धा.