स्वयंचलित की स्वायत्त?

अमळनेरच्या एका वाचकांनी विचारलं आहे: गावातल्या एका अभियंत्यांचा सत्कार आहे. त्यांची सगळी नोकरी ‘ऑटोनॉमस स्पेसक्राफ्ट नेव्हिगेशन’ या कामात गेली. मानपत्रात ‘स्वयंचलित यान-मार्गदर्शन’ लिहिलं तर चालेल का? ‘स्वायत्त’ सुचवलं, तर मंडळातले म्हणाले, तो शब्द कॉलेजांचा.

स्वायत्तच लिहा.

मळ्यातला साधा ऑटो स्टार्टर घ्या. लाइट आली की मोटार सुरू. विहिरीत पाणी आहे की तळ लागलाय, याच्याशी त्याला घेणंदेणं नाही. हे झालं स्वयंचलित. माणसाचा हात लागत नाही, पण काय करायचं ते आधीच ठरलेलं.

आता १९९८ साली सुटलेलं नासाचं ‘डीप स्पेस १’ बघा. यान नेमकं कुठे आहे याचा हिशेब एरवी पृथ्वीवर बसून करायचा आणि मग त्याला आज्ञा धाडायची, अशी रीत. या यानावरची ‘ऑटोनॅव्ह’ प्रणाली लघुग्रहांचे फोटो काढायची आणि मागच्या ताऱ्यांमध्ये तो लघुग्रह नेमका कुठे दिसतोय ते मोजायची. तारे इतके लांब की ते जागचे हलत नाहीत. जवळचा लघुग्रह मात्र तुम्ही जिथून बघाल तसा सरकलेला दिसतो. अशा बऱ्याच नोंदी जुळवून यान आपला ठावठिकाणा काढायचं आणि वाट चुकत असेल तर सुधारायचं. पुढे ४ जुलै २००५ला नासाच्याच ‘डीप इम्पॅक्ट’ मोहिमेतला आघातक (आदळण्यासाठीच सोडलेलं छोटं यान) टेंपल १ या धूमकेतूवर सेकंदाला सुमारे १० किलोमीटर वेगानं आदळला, तोही असाच शेवटचे दोन तास स्वतः नेम धरत. पृथ्वीवरून आज्ञा पोचायलाच सात मिनिटांहून जास्त लागत होती. विचारून काम करण्यात अर्थच नव्हता.

‘आयत्त’ म्हणजे अधीन, ‘स्वायत्त’ म्हणजे स्वतःच्या अधीन. आणि कॉलेजचं म्हणाल तर ते उदाहरण उलट माझ्याच बाजूचं आहे. जळगावच्या विद्यापीठाशी जोडलेलं स्वायत्त कॉलेज अभ्यासक्रम आणि परीक्षा स्वतः ठरवतं, पदवी मात्र विद्यापीठाचीच. यानाचंही तसंच: जायचं कुठे ते माणसं ठरवतात, वाटेतले निर्णय त्याचे. म्हणून ‘स्वतंत्र’ही नको.

गोंधळ वाढवायला इस्रोनं चंद्रयान-३च्या उतरण्याला ‘ऑटोमॅटिक लँडिंग सिक्वेन्स’ म्हटलं होतं. नाव ऑटोमॅटिक, काम स्वायत्त! त्या नावाचं भाषांतर करताना ‘स्वयंचलित’ ठेवावं लागेल, तुम्हाला तशी सक्ती नाही.

खरी चूक मला ‘मार्गदर्शन’मध्ये दिसते. या धंद्यात गायडन्स वेगळं, नेव्हिगेशन वेगळं. नेव्हिगेशनचा प्रश्न अहिराणीत सांगायचा तर एवढाच: यान कोठे शे? तिथून कसं जायचं हे गायडन्स. शिवाय मानपत्रात ‘मार्गदर्शन’ वाचून लोकांना वाटेल, साहेब शिकवण्या घ्यायचे. ‘दिशादर्शन’ अगदी काटेकोर नाही, पण उपग्रहांच्या बातम्यांमुळे कानावरचं आहे. तेच घ्या.

तेव्हा ओळ अशी: ‘अंतराळयानांचे स्वायत्त दिशादर्शन या क्षेत्रात आपण केलेले कार्य...’ आणि मसुद्यात ‘कारकिर्द’ आलंय तिथे दुसरी वेलांटी करा. ‘कारकीर्द’, पण ‘कारकिर्दीत’.