फासे फक्त वळणावर येत असतील तर आधी हाताचा वेग पाहा

मशीनवर फ्री-मोशन क्विल्टिंग करताना, म्हणजे कापड हाताने हवं तसं फिरवत गोधडीवर टाके घालताना, सरळ रेषेत टाका नीट पडतो, वळणावर मात्र क्विल्टच्या मागच्या बाजूला दोऱ्याचे फासे दिसतात आणि वरचं टेन्शन (वरच्या दोऱ्याचा ताण) वाढवलं की दोरा तुटतो, असं तुम्ही म्हणता. सरळ टाका चांगला येतोय म्हणजे दोन्ही दोऱ्यांचा तोल मुळात फारसा बिघडलेला नाही. तेव्हा टेन्शनचा आकडा वाढवणं थांबवा आणि तो नेहमीच्या जागी परत आणा.

फ्री-मोशनमध्ये कापड पुढे ढकलणारे मशीनचे दाते खाली असतात, कापड सरकवतो तो आपला हात. वळणावर हात नकळत भरभर फिरतो, पेडलवरचा दाब मात्र तोच राहतो. सुई कापडात असतानाच ओढ बसते, ती किंचित वाकते, टाका लांबतो आणि वरचा दोरा मागे खेचला जातो. म्हणून वळण आलं की हात सावकाश फिरवा, मशीनचा वेग कमी करू नका. वळणावरही टाके सरळ रेषेतल्याइतकेच लहान पडायला हवेत. सुई ९०/१४ नंबरची टॉपस्टिच लावून बघा. ती जाड असल्याने कमी वाकते, आणि तिचं नेढं मोठं असल्याने दोरा कमी घासतो. दोरा तुटण्याचा त्रासही यानेच कमी होईल असं मला वाटतं.

सरळ रेषेतही खाली गुंता होऊ लागला, तर ते दुखणं वेगळं. डार्निंग फूट (फ्री-मोशनसाठी सुईभोवती लावतात तो फूट) कापडावर नीट टेकत नाही, त्यामुळे तो खाली घ्यायचा राहून गेला तरी लक्षात येत नाही. फूट वर असला की टेन्शनच्या चकत्या उघड्या राहतात आणि वरच्या दोऱ्याला ताणच मिळत नाही. दोरा ओवताना मात्र उलट: फूट वरच हवा, नाहीतर दोरा चकत्यांमध्ये बसत नाही.

चाचणी त्याच कापडाच्या आणि त्याच बॅटिंगच्या (आतल्या भरणीच्या थराच्या) तुकड्यावर घ्या, वर-खाली वेगळ्या रंगांचे दोरे लावून. खालचा रंग वर ठिपक्यांसारखा दिसला तर वरचं टेन्शन थोडं सैल करा. वरचा रंग खाली दिसला तर थोडं घट्ट करा. एका वेळी एकच बदल, नाहीतर फरक कशामुळे पडला ते कळत नाही.

बॉबिन केसला, म्हणजे खालच्या दोऱ्याची बॉबिन बसते त्या डबीला, हात सगळ्यात शेवटी. आधी तिच्यावरच्या, दोरा दाबून धरणाऱ्या पट्टीखाली अडकलेला कचरा काढा, बऱ्याचदा तेवढंच पुरतं. त्या पट्टीचा स्क्रू फिरवायचाच झाला तर त्याची मूळ जागा पेनने खूण करून ठेवा आणि एका वेळी पाव आट्याहूनही कमी फिरवा.