बाळ रात्री झोपत नाही, तेव्हा
दीड महिन्याच्या बाळाला दिवस-रात्र कळतच नाही गं, तुझं काही चुकत नाहीये. या वयात बाळं 24 तासांत साधारण 14 ते 17 तास झोपतात, पण तुकड्या-तुकड्यांनी. पोट एवढंसं, दर दोन-तीन तासांनी भूक लागणारच. तीन महिन्यांच्या आसपास हळूहळू घडी बसायला लागते.

तोवर दिवसा पडदे उघडे ठेव, कुकर-मिक्सरचे आवाज होऊ देत. रात्री मंद दिवा, गप्पा नाहीत. पाजायचं, ढेकर काढायची आणि उताणं झोपवायचं. कुशीवर किंवा पालथं नाही. आपल्या इंदूरकडे डोकं गोल व्हावं म्हणून मोहरीची उशी देतात. सासूबाईंना प्रेमाने समजाव, पण उशी, जाड रजई, मऊ खेळणी बाळाजवळ नकोतच, श्वास कोंडू शकतो. डिसेंबरच्या थंडीत अंगावर एक कपडा जास्त घाल, पुरे. मध किंवा झोपेसाठी बाळगोळी कुणी कितीही आग्रह केला तरी देऊ नकोस. पूर्वी अशा गोळ्यांत अफू असायची.

ढेकर काढणं, लंगोट बदलणं नवऱ्याकडे सोपव. दुपारी बाळ झोपलं की तूही झोप, भांडी पडू देत.

38 अंश सेल्सिअस किंवा जास्त ताप असेल, दूध ओढत नसेल, मलूल वाटत असेल तर सकाळची वाट न बघता डॉक्टरांकडे जा. आणि दोन आठवड्यांहून जास्त तुलाच सारखं रडू येत असेल, तर तेही त्यांना सांग. लपवू नकोस.